आपण काय विकतो

२४ फेब्रुवारी, सोमवार

जिनेंद्र, तुझी पाठ कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसून धरते, तेव्हा अधनंमधनं उठून फिरत जा. प्रियदर्शनीचा खोकला गेला का? पुण्याची हवा तिला मानवत नाही, मी आधीच म्हटलं होतं. चिंगीचा दात पडला का अजून नुसता हलतोय? तुझ्या सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल. थेंब वेळच्या वेळी घालायला सांग, ते ऐकायचे नाहीत. इकडं आपल्या लाइनमन धैर्यशीलच्या बायकोला डेंग्यू होऊन गेला, आता उठून स्वयंपाक करते. समोरच्या बाळाबाई अंथरुणातच आहेत, पण आवाज खणखणीत. माझं म्हणशील तर गुडघा सोडून सगळं जागच्या जागी.

हे तुला पाठवायचं नाही. वही माझी आहे. पण माहेरी पत्रं लिहून लिहून हाताला असं वळण पडलंय की सगळ्यांची तब्येत विचारल्याशिवाय पुढची ओळ सुटत नाही.

वही काढायला कारण झालं. वरच्या कंपनीचा माणूस येऊन गेला. वरची कंपनी म्हणजे जिच्याकडनं आपल्याला टीव्हीचे चॅनेल आणि इंटरनेट येतं ती. एक एप्रिलपासून पेठेतली सगळी कनेक्शनं नव्या बिलिंग सॉफ्टवेअरवर चढली पाहिजेत. नाही चढली तर आपला भाग दुसऱ्या ऑपरेटरला. "आक्का, तुमचं नाव मोठं हाय, पण वरनं ऑर्डर हाय," म्हणाला आणि चहा न घेता गेला. चहा न घेता जाणारा माणूस मला कधीच धड वाटत नाही.

तुझे वडील गेले तेव्हा साडीचा काचा मारून मी शिडीवर चढले. कुणी शिकवलं नाही. बोटं भाजून घेत जॉइंट मारायला शिकले. पेठेतल्या कुठल्या घरात वायर कुठल्या खिडकीतनं आत जाते, ते मला डोळे मिटून सांगता येतं. ते सगळं आता एका मशीनच्या हाती द्यायचं. दुपारपासून घरात नुसत्या फेऱ्या मारतेय. कुकर लावला, शिट्टी होईना, बघते तर गॅस पेटवलाच नव्हता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सॉफ्टवेअर शिकवायला मुलगी आली. वर्षाराणी नाव, मूळची गारगोटीची. वरच्या कंपनीची नव्हे, ज्यांनी हे सॉफ्टवेअर तयार केलं त्या पुण्याच्या कंपनीची. फोनवर साहेबांशी "करते, बघते" बोलते आणि माझ्याशी आपल्याकडच्या बायका बोलतात तसं, "करतो की आक्का." म्हटलं, बरी आहे, आपल्यातली आहे.

लॅपटॉप उघडला तर अक्षरं आधीच मोठाली करून आणलेली. मला बारीक दिसत नाही, हे हिला न सांगता कसं कळलं? घरांची यादी आणली होती, तीही ए-बी-सी-डीनं नव्हे. आपण वसुलीला फिरतो तशी, तालमीपासनं सुरू करून विहिरीच्या बोळानं, गल्लीगल्लीनं. पुण्याची माणसं हुशार, उगीच म्हणत नाहीत.

मग तिनं पहिला प्रश्न टाकला. "आक्का, आपण काय विकतो?"

मी म्हटलं, "केबल आणि नेट. पेठेला ठाऊक हाय."

"मशीनला ठाऊक न्हाय. त्याला एकेक वस्तू लिहून द्यावी लागती. प्रॉडक्ट म्हणत्यात."

हाच प्रश्न जिनेंद्रनं दोन वर्षांपूर्वी याच खोलीत विचारला होता. "आई, आपण काय विकतो ते एकदा लिहून काढ," म्हणाला. मी म्हटलं, "लिहून काढायला मी काय किराणा दुकान टाकलंय? तुझ्या बापानं कधी लिहिलं नाही." लाइनमन सगळे बसले होते, ते हसले. त्याच महिन्यात तो पुण्याला गेला. चांगली नोकरी लागली होती म्हणा, कसल्याशा सॉफ्टवेअरच्या कंपनीत. नाव इंग्रजी आहे, ध्यानात राहत नाही.

३ मार्च, सोमवार

आज डोक्यात थोडा उजेड पडला. विसरायच्या आत लिहून ठेवते.

प्रॉडक्ट म्हणजे ताट. ताटात वाट्या. एक वाटी एकदाच वाढायची, ती म्हणजे कनेक्शन जोडल्याचा आकार. दुसरी दर महिन्याला. तिसरी ज्यानं जेवढं खाल्लं तेवढी, म्हणजे नेट जास्त वापरलं तर त्याचं. ताट कुणाला वाढायचं, कधीपासनं कधीपर्यंत, हेही सांगावं लागतं. एवढं मला पटलं.

पण दर त्या ताटावर लिहायचा नाही. दराची चिठ्ठी वेगळी आणि तिच्यावर तारीख. उद्या दर वाढला तर चिठ्ठी बदलायची, ताट तेच. हे मात्र फार शहाणपणाचं आहे. आम्ही दर वाढवला की पेठेतल्या प्रत्येकाशी वेगळं भांडत बसायचो.

आणि सवलत म्हणजे तिसरीच गोष्ट. तिला घर वेगळं. वर्षाराणी म्हणाली, "आक्का, वस्तू एकीकडं आणि माया एकीकडं. दोन्ही एकात कालवलं की मशीनचं पोट बिघडतं."

मी म्हटलं, "माझं सगळंच कालवलेलं हाय गं."

"तेच तर निवडायला बसलोय की."

७ मार्च, शुक्रवार

मी दोन दिवस खपून प्रॉडक्टांची यादी केली. तिनं वाचायला घेतली आणि पदर नाही म्हणून ओढणी तोंडाला लावली.

पहिलं प्रॉडक्ट: बाळाबाईंचं. फक्त बातम्या आणि सकाळची भजनं, बाकी चॅनेल बंद, कारण मालिकांनी त्यांना रडू येतं. दुसरं: निवृत्त हेडमास्तरांचं. मे महिन्यात ते लेकीकडं जातात, तेव्हा बंद. तिसरं: गुऱ्हाळावर जाणाऱ्यांचं, हंगामात घर कुलूपबंद. असं करत करत यादी पाठपोट झाली.

"आक्का, ही प्रॉडक्टं न्हाईत," ती म्हणाली, "ही माणसं हाईत."

"मग मी माणसांनाच देतो की. म्हशींना देतो व्हय?"

हसली, पण ऐकेना. हेडमास्तर आणि गुऱ्हाळवाले एकच: ताट तेच, मधे थांबवायची सोय. बाळाबाईंचं ताट सगळ्यांसारखंच, फक्त वाट्या कमी. संध्याकाळपर्यंत त्या पाठपोट यादीची सहा ताटं झाली. मला बरं वाटलं, आणि का कोण जाणे, वाईटही वाटलं. घर आवरल्यावर रिकामं दिसतं तसं काहीतरी. उगीच उठून गच्चीवर जाऊन आले. वायरी होत्या तशाच होत्या.

११ मार्च, मंगळवार

आज पृथ्वीराज आणि विश्वजितचं खातं काढलं आणि डोकं उठलं. सख्खे भाऊ. वरच्या मजल्यावर एक, खाली एक. चुली वेगळ्या, बोलणं बंद, वायर एकच. मी थोरल्याला सांगते धाकटा भरतो म्हणून निम्मंच दे, धाकट्याला सांगते तेच थोरल्याचं नाव घेऊन. इतकी वर्षं सुरळीत चाललंय.

मशीनला हे चालत नाही. एका वायरीवर दोन खाती असली तर एक वरचं, पेरेंट, आणि एक खालचं, चाइल्ड. धैर्यशील विचारायला गेला. विश्वजित दारातनंच ओरडला, "त्याला सांग, मी कुणाचा चाइल्ड न्हाय."

वरनं पृथ्वीराज म्हणाला, "मला तरी असलं कार्टं कुठं पायजे?"

धैर्यशील परत येऊन पायरीवर बसला. "आक्का, दोघांच्या आईला घाला की पेरेंट."

"अरे, म्हातारी जाऊन किती वर्षं झाली. मोबाइल नंबर मागतंय मशीन."

वर्षाराणीनं माझ्याकडं बघितलं. मग काय, घातलं माझंच नाव. दोघांची आई म्हणून. आता त्यांचे सगळे मेसेज मला येणार. धैर्यशील म्हणतो, "सांभाळा आता. स्वतःचं एक पोरगं पुण्याला, आणि ही दोन घोडी पदरात." मी म्हटलं, आपलं काम बघ.

१७ मार्च, सोमवार

आज एक चूक करून ठेवली. सरावासाठी 'राजमती स्पेशल' नावाचं खोटंच ताट बनवलं आणि गंमत म्हणून धैर्यशीलच्या घराला लावलं. पुसायला गेले तर पुसेना.

वर्षाराणी म्हणाली, "एकदा कुणाला दिलेलं प्रॉडक्ट पुसता येत न्हाय, आक्का. नव्या गिऱ्हाइकाला बंद करता येतं. ज्याच्याकडं हाय त्याच्याकडं राहतंच."

"मग चूक झाली तर माणसानं करायचं काय?"

"पुढची तारीख टाकून दुसरं द्यायचं. मागचं तसंच दिसत राहतं."

असलं कसलं मशीन. माझी आई सारवलेल्या जमिनीवर पुन्हा सारवायची, खालचं कुणाला दिसायचं नाही. जेवण गेलं नाही. गुडघ्यावर तेल लावून बसले. उगीचच फोन हातात घेतला, जिनेंद्रचं नाव काढलं आणि ठेवून दिला. कामात असेल.

२२ मार्च, शनिवार

सकाळी सगळी पेठ नव्या सॉफ्टवेअरवर चढली. एकेका घरापुढं हिरवा ठिपका. धैर्यशीलनं घरोघरी जाऊन टीव्ही तपासले, बातम्या चालू, मालिका चालू, नेट चालू. वरच्या कंपनीच्या माणसाचा फोन आला, "आक्का, मानलं." मी वर्षाराणीला साखरेचा शिरा करून घातला.

पण जिवाला स्वस्थता नाही. करायला काही उरलं नाही म्हणूनही असेल. कपाटातली जुनी रिमोटं काढली, पुसली, परत ठेवली. काहीतरी राहिलंय असं वाटतं. चुलीवर दूध ठेवून बाहेर आल्यावर वाटतं तसं.

२३ मार्च, रविवार

रात्र फार झालीय. तरी लिहिते.

आज फुटबॉलची फायनल. आपल्या तालमीचा संघ आणि पलीकडच्या पेठेचा. स्टेडियमला जागा मिळत नाही, म्हणून निम्मी पेठ आपल्या लोकल चॅनेलवर बघते. हे चॅनेल तुझ्या वडिलांनी सुरू केलं. कॅमेरा आपला, बोलणारा आपला, मधे कुणाच्या लग्नाची, कुणाच्या मयताची खबर. आज गोलात बाळाबाईंचा नातू सम्राट. त्यांनी सकाळपासनं पाठीला दोन उशा लावून घेतल्या होत्या.

मॅच सुरू व्हायची वेळ झाली आणि चॅनेल काळं. सगळ्यांच्या घरी काळं.

तालमीची पोरं दारात जमली. एक म्हणाला, "आक्का, पलीकडच्यांनी काय चारलं का काय तुम्हाला?" त्याच्या आईच्या बाळंतपणात मी रात्र जागवलेय, पण मी तेव्हा वर्षाराणीला फोन लावत होते. समोरच्या खिडकीतनं बाळाबाईंचा आवाज: "राजमती, माझा सम्राट कुठं हाय गं? पडदा काळा का?" गेली तीन वर्षं ती बाई जमिनीवर पाय ठेवत नाही. नातवाला खेळताना बघायचा हा एकच मार्ग. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

वर्षाराणी लॉजवरनं गाडी मारत आली. पहिलंच विचारलं, "आक्का, लोकल चॅनेल कुठल्या प्रॉडक्टमधी घातलंय?"

"कशातच न्हाय. ते कुठं विकतो आपण?"

ती खालीच बसली. "म्हणून बंद पडलंय. मशीन फक्त लिहिलेलं वाढतंय. जुन्या जोडणीची मुदत आज संपली."

म्हणजे मी सहा ताटं मांडली, मीठसुद्धा मोजून लिहिलं, आणि जे आपण आजवर नुसतं देत आलो ते कुठंच लिहिलं नाही. विकत नाही ते लिहायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

तिनं भराभर नवं ताट बनवलं. पण एकानं बनवलेलं दुसऱ्यानं मंजूर केल्याशिवाय ते चालू होत नाही, आणि वरच्या कंपनीचं ऑफिस रविवारी बंद. ती फोन घेऊन गॅलरीत गेली. "सर" म्हणून कुणालातरी लावला. दार पुढं केलं होतं, तरी ऐकू आलं: "व्हय सर... सगळ्यांना जोडतो... बाळाबाईंचा बॉक्स आधी, व्हय, समोरच्या."

आत आली तेव्हा मंजुरी आली होती. रविवारी, इतक्या तातडीनं. मी विचारलं, "तुझ्या सरांना बाळाबाई कशा ठाऊक?"

"मीच कधीतरी बोलले असेन," म्हणाली आणि कीबोर्डात तोंड घातलं. 'बोलले' म्हणाली, 'बोललो' नाही. गडबडीत माणसाची भाषा बदलते.

दुसरा हाफ सुरू होताना पडदा उघडला. समोरनं बाळाबाई ओरडल्या ते बोळापर्यंत ऐकू गेलं. पेनल्टीवर गेलं. सम्राटनं एक अडवला, एक सुटला. हरलो. संध्याकाळी बाळाबाईंकडं गेले. मला वाटलं बोलतील. त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "डाव्या अंगाला झेप घेतली बघ त्यानं. त्याचा आजा असाच पडायचा आडवा."

२४ मार्च, सोमवार

कालचं ताट घाईत महिनाअखेरपर्यंतच्या मुदतीवर केलेलं. एकतीसला संपतं. कायमचं बनवायला बसलो. नाव ठेवलं 'पेठेचं चॅनेल'.

"दर?" वर्षाराणीनं विचारलं.

"दर कसला? सोड ती जागा रिकामी."

"रिकामी सोडली तर मशीन घेत न्हाय. शून्य लिहा."

"एकच की."

"न्हाय आक्का. शून्य म्हणजे तुम्ही ठरवून फुकट दिलं. रिकामं म्हणजे तुम्ही सांगितलंच न्हाय. मशीनला काय, कुणालाच कळत न्हाय मग."

मी शून्य टाकलं. पण दिवसभर ते डोक्यातनं जाईना. भाजी निवडताना, अंघोळीला बसल्यावरही. वादळात खांब पडला की धैर्यशील न बोलावता जातो. ज्या घरी मयत झालंय तिथं तो महिना वसुलीला जायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला रिमोट समजेपर्यंत बसून शिकवायचं. हे सगळं मी कुणाला कधी बोलून दाखवलंय? मला वाटायचं, कळतं की सगळ्यांना. घरातल्यांना तर कळतंच.

संध्याकाळी धैर्यशीलला म्हटलं, "तू आहेस म्हणून चाललंय रे." तो घाबरला. "आक्का, तब्येत बरी हाय न्हवं?"

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा, म्हणून वर्षाराणी आज गारगोटीला चाललीय. जायच्या आधी एक काम राहिलं. 'पेठेचं चॅनेल' बनवून तयार आहे, पण मंजूर करणारा दुसरा माणूस आता आपला पाहिजे. तिचे सर रोज रोज करणार नाहीत म्हणाली. एकतीसच्या आत मंजुरी नाही मिळाली तर पडदा पुन्हा काळा, आणि एक तारखेला वरच्या कंपनीच्या माणसाला आयतंच निमित्त.

"कुणाचं नाव टाकू, आक्का?"

धैर्यशील म्हणाला, "माझं नका घालू. मी खांबावर बरा."

मी उठले. पाणी प्याले. खिडकी लावली, उघडली. भावकीतले चार जण मनात आणून बघितले. एक चिडका, एक लबाड, उरलेल्या दोघांना वायर आणि दोरी यातला फरक ठाऊक नाही. पोरगी चार्जर गुंडाळायचं थांबवून माझ्याकडं बघत होती. शेवटी म्हटलं, "जिनेंद्र धनपाल मगदूम. टाक."

तिनं नाव टाकलं, तर त्याचं लॉगिन आधीच काढलेलं निघालं. मी म्हटलं, "हे कसं?"

"जुन्या यादीतनं आलं असंल," ती म्हणाली. तिचे डोळे पाणावल्यासारखे वाटले. चार दिवस झोप नाही पोरीला, स्क्रीनकडं बघून बघून होतं तसं. तिच्या आईसाठी पुरणपोळ्यांचा डबा दिला. जाताना वाकून पाया पडली आणि म्हणाली, "सरांना सांगतो, आक्का लई बारकाईनं शिकल्या म्हणून." मी म्हटलं, सांग, आणि रविवारी त्यांना त्रास दिला, आक्कानं आभार मानलेत असंही सांग.

आता घरात मी एकटी आणि लॅपटॉप. मंजुरीला पाठवायच्या आधी एक चौकट येते, बनवणाऱ्यानं कारण लिहायची. वर्षाराणी म्हणाली होती, दोन शब्द टाकले तरी चालतात. मला दोन शब्दांत कधी जमलंय? तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. बटण दाबायच्या आधी खोडता येतं, एवढं बरं आहे. शेवटी पाठवलं ते इथं उतरवून ठेवते.

"जिनेंद्र, हे चॅनेल शून्य दरात ठेवलंय. चुकून नव्हे, ठरवून. संपायची तारीख घातलेली नाही, तीही ठरवून. आपण काय विकतो आणि काय नुसतं देतो ते आता मी लिहून काढलंय. बाकीची सहा ताटंही उघडून बघ. कुठं पटलं नाही तर तसं लिही, मी बदलते. नुसतं मंजूर म्हणून बटण दाबून मोकळा होऊ नकोस. खाली तुझ्या शेऱ्यासाठी चौकट आहे, वर्षाराणी म्हणाली तिच्यात पानभर मजकूर मावतो. एकतीसच्या आत लागतंय. मी लॅपटॉप बंद करत नाही. लवकर लिही."